काथोडमामांचा लाल दोरा

काथोडमामांना कोणी नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. समोरच्याच्या सदऱ्याची बाही अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरत, कापड एकदा उभं, एकदा आडवं चोळत, डोळे अर्धे मिटत आणि आकडा सांगत. "बावन्न-अठ्ठेचाळीस. पोतं दिलंय तुला दुकानदारानं." म्हणजे इंचाला उभे धागे बावन्न, आडवे अठ्ठेचाळीस, आणि तुम्ही फसलात.

एकदा मत मागायला एक पुढारी आमच्या चाळीत आले. हात जोडून, मान तिरकी करून, पांढऱ्या शुभ्र खादीत. मामांनी त्यांची बाही धरली. चाळ थांबली. मामा म्हणाले, "खादी न्हाय ही. मिलची हाय. पण कापड चांगलं हाय." पुढारी हसले, कार्यकर्ते हसले नाहीत. पुढच्या दोन चाळी त्यांनी लांबूनच हात जोडत पार केल्या. मी त्या रात्रीचं जेवण विसरून त्यावर पत्रक लिहिलं होतं.

शेजारचे एक म्हातारे वारले तेव्हा तर मामांनी दुकानातून आलेलं कफनाचं कापड परत पाठवलं. तिरडी खोळंबली. कोणी कुरकुरलं, तर म्हणाले, "शेवटचा कपडा हाय त्याचा. जाळीचा देऊ? वर जाऊन नाव माझं सांगंल."

भिवंडीजवळ टेमघरच्या आमच्या चाळीत मामा माझ्या शेजारच्या खोलीत राहत. मूळचे दिघाशीचे. एका लूमच्या कारखान्यात विणून आलेलं कापड तपासायचं, ही त्यांची ड्युटी. खिडकीसमोर एक तिरकं टेबल. त्यावरून ताका, म्हणजे कापडाचं अख्खं भेंडोळं, उलगडत सरकत जायचा आणि मामा नजर न हलवता बघत राहायचे. कुठे आडवे धागे सुटून जाळी पडलेली दिसली की खिशातला लाल दोरा काढून त्या जागी कापडाच्या काठाला बांधायचा. दोरा दिसला की दुरुस्तीवाल्या बाईला कळायचं, खोट इथे आहे. ज्या ताक्याला दोरे फार, तो मागे. तीस वर्षं मामांनी एवढंच ठरवलं होतं: काय पुढे जाऊ द्यायचं आणि काय परत पाठवायचं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून लाल दोऱ्यांची एक जुडी कायम डोकावत असे. नवख्या माणसाला वाटे, मामांना रक्त आलंय.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. युनियनच्या कचेरीत पत्रकं लिहायचो. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत असे आणि ते सायक्लोस्टाइल करून मिळत असे. मामा मला नावाने हाक मारत नसत. "अरं पत्रकवाल्या" म्हणत.

मामांना एकच मुलगी, मथुरा. ती लहान असतानाच मामी गेल्या. मथुरेचं लग्न मामांनी गणेशपुरीच्या पलीकडच्या एका गावात करून दिलं, घरी भातशेती आहे एवढंच बघून. तीस वर्षं एकेक धागा तपासणाऱ्या माणसाने ते घर मात्र एका बैठकीत पास केलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका शुक्रवारी दुपारी ती बोचकं घेऊन दारात उभी राहिली. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, त्यामुळे मामा घरी होते, मी घरी होतो, सगळी चाळ घरी होती. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. मामांनी तिला जेवू घातलं. काय झालं ते विचारलं नाही. चारच्या एसटीत बसवून तिला परत पाठवलं.

त्याला दोन वर्षं झाली होती. ती पुन्हा आली नव्हती, आणि मामांनी तिचं नाव पुन्हा घेतलं नव्हतं.

तिला परत पाठवलं त्याच संध्याकाळी मी स्त्रियांच्या गुलामीवरचं आमचं पत्रक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते चिमटीत धरून चोळलं. "कागद बरा हाय," म्हणाले. मला भयंकर राग आला. आता येतो तो स्वतःचा. एसटी चारची होती. मी दोनपासून ओट्यावर बसलो होतो. उठलो नाही. पत्रक मात्र साडेपाचला वाटलं.

पण गणेशपुरीकडून आलेला कोणी भेटला, आश्रमातून परतणारा भाविक असो, एसटीचा कंडक्टर असो, की मामा त्याला हमखास अडवत. "तिकडं पाऊस कसा हाय?"

"मामा, वैशाख चालू आहे," कंडक्टर एकदा वैतागून म्हणाला.

"मंग ऊन कसं हाय?"

हे झालं जमिनीवरचं. मामांचं खरं वेड आकाशातलं होतं.

माणूस चंद्रावर उतरला तेव्हा नाक्यावरच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी जमली होती. सगळे विचारत होते, वर गेले कसे? मामांनी विचारलं, "खाली कसे उतरले?" कोणीतरी सांगितलं, छत्रीनं, मोठ्या कापडी छत्र्या उघडतात आणि यान अलगद समुद्रात येतं. मामांच्या बशीतला चहा तसाच राहिला. "येवढं लोखंड," ते म्हणाले, "येवढा जाळ. आणि शेवटी जीव कशावर? कापडावर."

त्या दिवसापासून ते त्या यानांचे झाले. कोणतं उडालं, किती वेगाने गेलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दर गुरुवारी ते आठवड्याची रद्दी घेऊन माझ्याकडे येत आणि मी मोठ्याने वाचायचो. मी उड्डाणाचं वर्णन सुरू केलं की ते हात वर करत. "जे गेलं ते गेलं. माघारी काय आलं, ते सांग."

माघारी आलेल्या प्रत्येक यानाची त्यांच्याकडे नोंद होती. शाळेच्या दोनशे पानी वहीत, शिळ्या भाताने चिकटवलेली चित्रं आणि खाली मामांचं वाकडं अक्षर. कुठल्या देशात, कुठल्या गावच्या संग्रहालयात ठेवलं आहे. आणि मला उत्तरं देता येऊ नयेत असे प्रश्न.

"छप्पर हाय का वर?"

"असणारच की. संग्रहालय आहे मोठं."

"गळत न्हाय ना? कोण बघतंय त्याला? रोज फडकं मारत असतील का सणासुदीलाच?"

मी चिडायचो. म्हणायचो, मामा, इथे आपल्या नळाला दिवसाआड पाणी, लूमवर बारा-बारा तासांच्या शिफ्टा, कापसाने कामगारांच्या छात्या भरल्यात, आणि हे लोक आभाळात खेळणी उडवतात. ते शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, "बरोबर हाय तुझं. ते रशियातलं यान कुठं ठेवलंय म्हणालास?"

एकदा त्यांना डबा द्यायला मी कारखान्यात गेलो होतो. दुपारची वेळ. आत शंभर लूम एकाच वेळी बडवत होते; त्या आवाजात काही काळाने कान हरतात आणि एक प्रकारची शांतता वाटू लागते. मामांच्या खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत आली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. वर जात नव्हते, खाली येत नव्हते. कोणाच्या भुवईवर, कोणाच्या केसांत विसावत होते आणि पुन्हा निघत होते. लूमवरची माणसं त्या पांढऱ्या धुक्यात ओठ हलवून बोलत होती, आवाज कोणाचाच येत नव्हता. मामांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "वर असंच असंल," ते म्हणाले. "कोणी पडत न्हाय. कोणी कुठं पोचत पन न्हाय."

मी कापसाच्या धुळीवरच्या पत्रकाची जुळवाजुळव करत होतो. तरी ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

चंद्रावरच्या त्या प्रकाराला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा पेपरात बातमी आली की आकाशात जाऊन परतलेलं एक खरं यान, त्याच्या छत्रीसकट, मुंबईतल्या एका संग्रहालयात दोन महिने ठेवणार आहेत. कोणत्या देशाचं ते इथे लिहीत नाही. त्यावरून आमच्या अभ्यासमंडळात आधीच दोन तट पडले होते. मी बातमी वाचली. मामांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "छत्रीसकट?"

"छत्रीसकट."

"शुक्रवारी जाऊ."

मीही निघालो. कारण सांगून ठेवतो: तिथे वाटण्यासाठी माझ्याकडे ऐंशी पत्रकं होती. मथळा होता, "चंद्र त्यांचा, भूक आपली".

कापडाच्या गाठी घेऊन मुंबईला जाणारा एक ट्रक मामांच्या ओळखीचा होता. ड्रायव्हर उत्तरेकडचा, मामांना चाचा म्हणणारा. गाठींवर बसून आम्ही निघालो. काशेळीच्या पुलावर खाडीचा वारा लागला आणि मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, खिशात भिंग आणि लाल दोरे.

"मामा, आज शुक्रवार. दोरे कशाला?"

"मंग काय ठेवू खिशात? तुझी पत्रकं?"

ड्रायव्हरने खालून ओरडून विचारलं, "चाचा, किस को देखने जा रहे हो?"

"एक आया है वापस," मामा म्हणाले. "उस को."

"बाहरगाँव से?"

"हाँ. बहुत बाहर से."

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात अंधुक उजेड होता आणि मधोमध, जाड दोरखंडाच्या कुंपणात, ते बसलं होतं. मला काहीतरी चकचकीत, उद्दाम दिसेल असं वाटलं होतं. माझं पत्रक तसंच लिहिलेलं होतं. हे तर उपड्या घातलेल्या रांजणासारखं होतं. बुडाशी करपलेलं, एका अंगाने तपकिरी, एका अंगाने काळंठिक्कर, पोपडे आलेलं, चुलीवर विसरलेल्या भांड्यासारखं. एक लहानशी काच, तीही धुरकटलेली. छताच्या तारांना टांगलेली छत्री त्याच्यावर तिरपी पसरली होती, पांढरी आणि केशरी, आणि कुठल्यातरी पंख्याच्या वाऱ्याने अगदी हळू फुगत होती, ओसरत होती. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. माणसं कुजबुजत पुढे सरकत होती. लहान पोरंसुद्धा गप्प होती. मी पत्रकं पिशवीतून काढली नाहीत. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

मामा तासभर दोरखंडाभोवती फिरले. यानाला त्यांनी आधी एक पूर्ण फेरी घातली. देवळात घालतात तशी, उजवीकडून. मग छत्रीखाली जाऊन उभे राहिले. तिचा एक काठ एका कोपऱ्यात बराच खाली आला होता. मी दुसऱ्या बाजूची पाटी वाचत होतो. मागून शिट्टी वाजली.

मी धावलो. पहारेकऱ्याने मामांचं मनगट धरलं होतं. छत्रीच्या काठाला, नीट दुहेरी गाठ मारून, लाल दोरा बांधलेला होता.

"काय केलं हे?" पहारेकरी विचारत होता. "कशाला हात लावला? पाटी वाचता येत नाही?"

"येती की. हात न्हाय लावला. खूण केली. तुमच्या बाईला उद्या शोधत बसायला नको."

"कोणती बाई?"

"रफूची."

गर्दी जमली. मी लगेच कामगाराच्या प्रतिष्ठेवर बोलायला सुरुवात केली. मला वाटतं मी चांगलं बोलत होतो, पण मामांनीच मला थांबवलं. "तू जरा गप रे. कापडाचं काम हाय."

तेवढ्यात दालनाच्या अधिकारी बाई आल्या. पस्तिशीच्या, चष्मा लावलेल्या, सुती साडीतल्या. मामांची नजर पदरावर गेली, हात आपसूक उचलला गेला आणि त्यांनी तो पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "बहात्तर-अडुसष्ट," ते स्वतःशी पुटपुटले. मग खिशातलं भिंग काढून बाईंपुढे धरलं.

"बाई, बघा तुम्हीच. दोऱ्याच्या आत बोटभर. दोन आडवे धागे न्हाईत. जाळी पडलीय. आज दोन हायती, टांगून ठेवलंय तर उद्या चार जातील."

बाईंनी पहारेकऱ्याला हात सोडायला सांगितलं. वाकून भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं.

"हे आमच्या नोंदीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

"तपासतो."

"कोपरा उचलून बांधायला हवा, ओढ पडतेय. आज करून घेते. पण दोरा काढा, आजोबा."

"काढतो. रफू कधी करनार?"

"करणार नाही."

मामांना वाटलं बाईंना समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, रफू म्हणजे काय, कशी करतात, कोणती बाई चांगली करते. बाई हसल्या.

"यातलं आम्ही काहीच दुरुस्त करत नाही. जे परत आलं, ते जसं आलं तसं ठेवायचं. आणखी बिघडू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम."

"जसं आलं तसं?"

"हो."

"ते काळं झालंय, ते घासायचं न्हाय?"

"नाही. ते कुठून आलंय आणि काय सोसून आलंय, ते त्या काळ्यावरच कळतं. ते घासलं तर उरेल काय?"

मामा यानाकडे वळले. त्या करपलेल्या बाजूकडे पाहत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, पण आता आवाज फार खाली गेला होता. "जसं आलं तसं. आणि कोणी बोललं न्हाय त्याला? असा जळून का आलास म्हनून? परत जा म्हनून?"

"उलट," बाई म्हणाल्या, "समुद्रावर बोटी घेऊन माणसं वाट बघत होती."

मामांनी दोरा सोडायला घेतला. स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ सोडण्याची त्यांच्यावर कधी वेळ आली नसावी, नख लागेना. सुटल्यावर दोरा बोटाला गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला आणि बाईंना नमस्कार केला. साधा, दोन्ही हात जोडून. मी त्यांना असा नमस्कार करताना पहिल्यांदाच पाहत होतो.

परतीचा ट्रक रिकामा होता. आम्ही मागे ताडपत्रीवर बसलो. ठाणं मागे पडलं, खाडीवर संध्याकाळचा उजेड सांडला होता आणि पाणी व आभाळ यांच्यामधली रेघ पुसून गेली होती. ट्रक पुलावरून जात होता की त्या राखाडी पसाऱ्यात नुसता तरंगत होता, सांगता आलं नसतं. मामा बोलले तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हते.

"तिच्या हातावर डाग व्हता. तू बघितला व्हतास ना?"

कोणाच्या, ते मी विचारलं नाही. "हो."

"मी आधी डाग बघितला. ती मागनं दिसली."

मला स्त्रीमुक्तीवरची निदान तीन पत्रकं तोंडपाठ होती. एकही ओळ आठवली नाही.

पुढच्या गुरुवारी मामा आले ते रद्दी न घेता. हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, कापडाच्या ताक्यात घालतात तो.

"पत्रकवाल्या, एक पाटी लिहून दे. मोठ्या अक्षरात."

मी आनंदाने ब्रश घेतला. इतक्या वर्षांत मामांनी माझ्याकडून काही लिहून मागितलं नव्हतं. "विषय काय, मामा? कारखान्याच्या दाराला लावायची?"

"विषय न्हाय. मी सांगतो तेवढंच लिही. खाली तुझं ते काही जोडू नको."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोन ओळी. माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यांत छोटं पत्रक.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने ते गेले. दुपारी दोनच्या सुमाराला चाळीच्या तोंडाशी दिसले. एका हातात बोचकं होतं. त्यांच्या मागे चार पावलांवर मथुरा, डोक्यावरून पदर, डावा हात पदराआड. शुक्रवार, त्यामुळे सगळी चाळ ओट्यावर होती. बायका उठून उभ्या राहिल्या. माझ्या शेजारच्या काकू पुढे झाल्या, त्यांच्या ओठांवर प्रश्न तयार होता.

मामांनी त्यांना हातानेच थांबवलं. मथुरेला खोलीत नेऊन खाटेवर बसवलं. मग कोपऱ्यातून कापडाच्या काठाच्या पट्ट्यांची वळलेली एक जाड दोरी काढली, तिचं एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं ओट्याच्या खांबाला. अगदी त्या दालनातल्यासारखं, कमरेच्या उंचीवर. आणि तिच्यावर माझी पाटी अडकवली.

"हात लावू नये. प्रश्न विचारू नयेत."

"काथोडभाऊजी, हे काय?" काकू म्हणाल्या. "आम्ही काय परके?"

"बघा की," मामा म्हणाले. "बघायला कोन नको म्हनतंय? इथनं बघा. चहा दिसला तर चहा द्या."

काकू पदर सावरत आपल्या खोलीत गेल्या. मग काकूंनी दोरीच्या वरून चहाचा कप दिला. मग कोणी लाडू दिला. मग कोणाची तरी पोर दोरीखालून आत शिरली आणि मथुरेच्या मांडीवर जाऊन बसली. मामांनी तिला पाटी दाखवली, पण तिला वाचता येत नव्हतं. मथुरा हसली. तेव्हा तिचा डावा हात पदराबाहेर आला. डाग होता तसाच होता. त्याच्या वर एक नवा होता.

मी दोरीच्या बाहेर उभा होतो. मामा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी लेकीच्या पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीमध्ये घेतलं. धुऊन धुऊन विरलेलं कापड, तीन ठिकाणी रफू, एका ठिकाणी तीही नाही. एकदा उभं चोळलं, एकदा आडवं. डोळे अर्धे मिटले. आम्ही सगळे ओट्यावर आकड्याची वाट पाहत थांबलो, सवयीने.

"बोला ना बाबा," मथुरा म्हणाली. "कितीचं हाय?"

मामांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, लाल दोऱ्यांपर्यंत. तिथे जरा वेळ थांबला. रिकामा बाहेर आला. त्यांनी तो विरलेला पदर तिच्या खांद्यावर नीट बसवला आणि तिला विचारलं, "तिकडं पाऊस कसा व्हता?"